हसीदा म्हणजे करकोचा

शब्दकोश उघडता येतो म्हणजे भाषा येते, असं समजणाऱ्या माणसांना कुणीतरी वेळीच आवरायला हवं. मला कुणी आवरलं नाही. म्हणून आमच्या काकूच्या कबरीवरच्या दगडावर मी करकोचा काढला, आणि बाबांनी माझ्यावर विश्वास ठेवून तो कोरला.

आमचा धंदा दगडावर अक्षरं कोरण्याचा. घरांच्या पाट्या, इमारतींच्या कोनशिला, कबरीवरचे दगड, जे येईल ते. अक्षरं कागदावर आखून दगडावर उतरवायची मी, आणि कोरायची बाबांनी. बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. चहाचा कप धरला की त्यांचा हात थरथरतो, छिन्नी धरली की स्थिर होतो. असं का होतं, ते डॉक्टरलाही सांगता आलं नाही. समोरची लिपी कुठली आहे याच्याशी त्यांना कर्तव्य नसतं. तू बरोबर काढ, मी बरोबर कोरतो, एवढाच आमच्यातला करार. आजवर आमचा एकही दगड परत आलेला नाही, आणि हे बाबा कुणालाही सांगत नाहीत, म्हणून मी सगळ्यांना सांगते.

काकू म्हणजे समोरच्या घरातली, मास्तरांची बायको. मास्तर त्यांच्या लोकांच्या प्रार्थनाघरात मुलांना हिब्रू शिकवायचे. नात्याने म्हणाल तर आमचं त्यांचं काहीच नाही. धर्म वेगळा, आडनाव वेगळं. पण मी जन्मले आणि सहाव्या दिवशी माझी आई गेली. तेव्हा काकूची मुलगी सतरा दिवसांची होती. काकू रस्ता ओलांडून आली, बाबांच्या हातातून तिने मला उचललं आणि पाजायला बसली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. पुढचे चौदा महिने डावी बाजू माझी आणि उजवी तिच्या लेकीची, अशी सरळ वाटणी होती म्हणे. ती लेक माझ्यापेक्षा अकरा दिवसांनी मोठी, आणि त्या अकरा दिवसांच्या जोरावर आजतागायत माझ्याकडून ताई म्हणवून घेते.

काकू उंच होती, इतकी की आमच्या कारखान्याच्या दारातून येताना मान तिरकी करायची. पाय लांबच लांब. ती तीन ढांगांत रस्ता ओलांडायची, आणि आम्ही दोघी तिच्या मागे धावत धापा टाकायचो. ती दवाखान्यात औषधं द्यायची. बाटलीवर चिठ्ठी चिकटवली की बाकीच्यांचं काम संपायचं, हिचं तिथून सुरू व्हायचं. संध्याकाळी जिने चढून ती कुणी औषध घेतलं, कुणी खिडकीतून ओतलं ते बघून यायची. एका खवट म्हाताऱ्याने तिच्या अंगावर बाटली भिरकावली. दुसऱ्या दिवशी ही त्याच औषधाची गोळी साखरेत चुरून, चमचा घेऊन हजर. तो म्हातारा पुढे नऊ वर्षं जगला आणि नऊ वर्षं तिला शिव्या देत तिच्याच हातून औषध घेत राहिला. मी माणसांना सहसा चांगलं म्हणत नाही, माझा स्वभावच तसा नाही. पण काकूसारखी बाई मी दुसरी पाहिली नाही.

ती गेली तेव्हा घरचे आतल्या खोलीत बसले आणि मी शेजारणींबरोबर बाहेर. यात कुणाची चूक नव्हती. कागदोपत्री मी शेजारीणच, आणि आयुष्यभर तिला काकूच म्हणत आले. तरी त्या दिवशी बाहेरच्या बाकावर बसून मला जे वाटलं ते मी कुणाला सांगितलं नाही. पुढे वर्ष सरत आलं आणि मास्तर दगडासाठी आमच्याकडे आले, तेव्हा मी मनाशी म्हटलं, हे एक मात्र माझं आहे. तिच्या उशाशी माझ्या हातचं काहीतरी राहील. ते काम माझ्याकडून कुणी काढून घेऊ नये, एवढंच मला हवं होतं.

मास्तरांनी एक घडी घातलेला कागद दिला. चार ओळी, त्यांच्या सुबक अक्षरात. वर्ष भरेल त्यानंतरच्या पहिल्या रविवारी दगड उभा करायचा असं ठरलं होतं, म्हणजे हातात पंचवीस दिवस. ते आधीसारखे बोलत नव्हते. कागद देऊन, बाबांच्या खांद्याला हात लावून निघून गेले.

आता माझ्या विद्येविषयी. त्यांच्या समाजाचे दगड आमच्याकडेच येतात, म्हणून मास्तरांनी मला फार पूर्वी हिब्रू अक्षरं शिकवली होती. त्यातली काही अक्षरं जुळ्या भावंडांसारखी. एकाचा कोपरा टोकदार, दुसऱ्याचा गोल, एवढाच फरक, आणि तेवढ्याने अर्थाचं मातेरं होतं. त्यांनी मला एक जुना शब्दकोशही दिला होता. सांगितलं होतं, जे काढतेस त्याचा अर्थ बघत जा, म्हणजे चुकणार नाहीस. तेव्हापासून प्रत्येक दगडाचा प्रत्येक शब्द मी शोधते. व्याकरण मला येत नाही. पण ते येत नाही हे मला कधी जाणवलंच नाही, आणि खरी गोम तिथेच होती.

पहिल्या ओळीत तिचं नाव, दुसरीत 'स्त्री' आणि त्यापुढे हिब्रूतल्या पाच अक्षरांचा एक शब्द. हसीदा. मी शब्दकोश काढला, बोट फिरवत खाली आले, आणि शब्द जसाच्या तसा सापडला. हसीदा, नाम, लांब पायांचा मोठा पांढरा पक्षी, करकोचा.

मी किती वेळ एकटीच हसत होते कोण जाणे. मग डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, म्हणजे मास्तर घरात तिला हे म्हणायचे तर. त्या लांब ढांगा, ती तिरकी मान, पांढरा डगला घालून दवाखान्यात उभी राहायची ती ऐट. आयुष्यभर मुलांना व्याकरण शिकवणारा हा गंभीर माणूस बायकोला मनातून करकोचा म्हणत होता, आणि आता ते दगडावर लिहून जगाला सांगत होता. मास्तरांबद्दल मला एकदम फार माया वाटली.

विचारायला हवं होतं, हे मला आता कुणी सांगू नये. नवरा-बायकोतलं लाडाचं नाव विचारायचं कसं? तेही बायको गेलेल्या माणसाला? मी बाबांना सांगितलं. बाबांनी चष्मा कपाळावर चढवला, थोडा विचार केला आणि म्हणाले की बरोबर आहे, ती तशीच चालायची. मग मी सुचवलं की अक्षरांच्या वर, कमानीच्या जागेत, एक करकोचा काढू. मास्तरांना आनंदाचा धक्का देऊ. बाबांनी त्या पक्ष्यावर नऊ दिवस घालवले. काळ्या दगडात पांढुरकी रेघ उमटते, त्या रेघेत त्यांनी पिसं काढली. घरट्याच्या काठावर एका पायावर उभा करकोचा, खाली वाकवलेली लांब चोच, आणि घरट्यात चोच वासून बसलेलं एक पिल्लू. इतका सुंदर पक्षी त्यांनी उभ्या आयुष्यात कोरला नव्हता. मी तसं म्हटलं, तर म्हणाले, दगड चांगला आहे.

बुधवारी सकाळी मास्तर अक्षरं तपासायला आले. मी मुद्दाम वरच्या भागावर ओलं फडकं टाकून ठेवलं होतं. त्यांनी उजवीकडून सुरुवात केली आणि एकेक अक्षर बोटाने चाचपत चौथ्या ओळीच्या शेवटापर्यंत गेले. एक चूक नाही. शेवटच्या अक्षराच्या डाव्या पायाला वर जी बारीकशी फट असते, तीसुद्धा बाबांनी केसाइतकी नेमकी ठेवली होती. मास्तर वाकून बाबांचे हात बघायला लागले. म्हणाले, छापखान्यातही इतकं शुद्ध निघत नाही. मी खुशीने फडकं ओढलं.

मास्तर स्टूल ओढून बसले. मग अगदी हळू, वर्गात एखाद्या घाबरट मुलाला विचारावं तसं त्यांनी विचारलं की हा पक्षी कुणी सांगितला. मी शब्दकोशाचं सांगितलं. लाडाच्या नावाचं सांगताना मधेच माझा आवाज खाली गेला, कारण त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळायला लागलं होतं.

मास्तरांनी समजावून सांगितलं. मूळ शब्द हेसेद. हेसेद म्हणजे माया, पण कुठलीही माया नव्हे. आपण कुणाचं काही लागत नसताना त्याच्यासाठी जे करतो, ते. असं करणारा पुरुष तो हसीद, बाई ती हसीदा. पुण्यशील, सज्जन बाई. त्यांच्यात पूर्वी बाईच्या दगडावर लिहीत तो हाच शब्द, हल्ली कुणी लिहीत नाही, म्हणून माझ्यासमोर तो कधी आला नव्हता. शब्दकोशात हा अर्थ 'हसीद' या पुल्लिंगी रूपाखाली दिलेला असतो. स्त्रीलिंगी रूप शोधायला गेलं की तिथे नुसता पक्षी बसलेला असतो. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

थोडा धीर करून मी विचारलं की मग पक्ष्याला तेच नाव कशासाठी. हा प्रश्न ऐकून मास्तरांचा चेहरा किंचित उजळला. मास्तर तो मास्तरच. म्हणाले, जुन्या पंडितांनीही हेच विचारलं होतं. त्यांचं उत्तर असं की हा पक्षी खाणं मिळालं की एकटा खात नाही, आपल्या सोबत्यांना देतो, म्हणून तो हसीदा. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, मग शोभतोच की तिला.

"पुढचं ऐक," मास्तर म्हणाले. "ज्या ग्रंथात हे नाव आहे, तिथेच हा पक्षी अपवित्र पक्ष्यांच्या यादीत आहे. गिधाड, घुबड, कावळा, आणि त्यांच्यात हा. मग पुढच्या पिढ्यांना प्रश्न पडला, इतका मायाळू पक्षी अपवित्र का? एकाने उत्तर दिलं. तो माया करतो, पण फक्त आपल्यांवर. आपली जात, आपलं घरटं. परक्याच्या पिल्लाकडे तो ढुंकून बघत नाही. अशा मायेला पवित्र म्हणायचं नाही."

 बाबांनी हातातला ब्रश खाली ठेवला.

मास्तर म्हणाले की चाळीस वर्षं त्यांनी हा धडा शिकवला, आणि दरवर्षी तो शिकवून घरी गेले की काकूला सांगायचे, तू हसीदा आहेस पण पक्षी नाहीस. त्यावर काकू म्हणायची, हात धुऊन जेवायला बसा. हे सांगताना ते हसले आणि लगेच त्यांनी चष्मा काढला. माझ्यावर रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. पण ते उलट माझीच समजूत घालत होते. म्हणाले की पक्षी फार देखणा आहे, त्यांचं एकट्याचं असतं तर त्यांनी ठेवलाही असता. पण रविवारी प्रार्थनाघरातली सगळी मंडळी येतील, त्यातल्या निम्म्यांना ती यादी तोंडपाठ आहे, कारण लहानपणी मास्तरांनीच ती त्यांच्याकडून पाठ करून घेतली होती. आणि शेवटी आई ताईची. ती शुक्रवारी येतेय, ती म्हणेल तसं करू.

ते गेल्यावर बाबा दगडाजवळ गेले आणि कडेने जाडी मोजायला लागले. मी विचारलं काय करताय. म्हणाले, बोटभर पृष्ठभाग घासून काढला तर खाली कोरा दगड मिळेल. मी म्हटलं, अक्षरंही जातील. तर म्हणाले, जातील, पुन्हा काढ, पुन्हा कोरतो. रविवारच्या आत चार ओळी, या वयात. जमणार नाही हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. न जमलं तर ताई दुसऱ्या कुणाकडून साधा दगड घेईल, आणि काकूच्या उशाशी आमचं काही राहणार नाही. बाबा तरी छिन्न्यांना धार लावत बसले. माझ्या चुकीबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. त्या दोन दिवसांत मला कुणी बोललं असतं तर फार बरं वाटलं असतं.

शुक्रवारी दुपारी ताई आली. ताई मोठ्या शाळेची मुख्याध्यापिका आहे. वह्या तपासताना जशी उभी राहते तशीच ती दगडासमोर उभी राहिली, एक हात कमरेवर, मान तिरकी. ती तिरकी मान काकूची होती. मास्तरांनी घरी तिला सगळं सांगितलं होतंच, ते तिच्या मागे दारात उभे होते. मी पाठ करून ठेवलेलं सुरू केलं, की चूक माझी आहे, बाबांची नाही, मला विचारायला हवं होतं. तिने हात वर करून मला गप्प केलं.

मग ती वाकली आणि घरट्यात बोट ठेवून म्हणाली, "हे पिल्लू कोण?"

"तू," मी म्हटलं.

"आणि तू कुठे आहेस?"

मी म्हटलं मी नाही त्यात. मला कसं घालणार.

"का?"

"मी तिची कुठे होते?"

ताईने वळून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता ती ओरडणार. लहानपणी ती माझ्यावर फार ओरडायची. माझी आई, माझी मांडी, माझी बाजू, म्हणून मला ढकलून द्यायची. ते मला आठवत होतं, आणि नंतर कळलं की तिलाही तेच आठवत होतं.

"मला तुझा फार राग यायचा," ताई म्हणाली. "पाच-सहा वर्षांची असेन. मी आईला विचारलं, तू माझी आई आहेस ना, मग तिला आधी का घेतेस? आई म्हणाली, तुझी मी आहेच गं. तिची मला व्हावं लागतं."

दारात मास्तर एकदम खाली बसले. हे वाक्य त्यांनीही कधी ऐकलं नव्हतं. चाळीस वर्षं ज्या शब्दाचा अर्थ त्यांनी फळ्यावर लिहिला, तो काकूने पाच वर्षांच्या पोरीला एका ओळीत सांगून टाकला होता, तोही बहुधा स्वयंपाक करता करता.

ताई दगडाकडे वळली. "यात चूक आहे," ती म्हणाली, "पण पक्षी चूक नाही. पिल्लू एकच आहे, ती चूक आहे. एकच पिल्लू असेल तर हा ग्रंथातलाच पक्षी, आपल्यापुरता बघणारा. तो आईच्या डोक्यावर मी ठेवणार नाही. शेजारी दुसरं काढ. आणि माझ्यासारखं काढू नकोस. परकं दिसायला हवं, लांबून बघणाऱ्याला कळायला हवं की हे हिचं नाही."

मी मास्तरांकडे पाहिलं. ते भिंतीला टेकून बसले होते आणि मान हलवत होते, नकारार्थी नाही, होकारार्थी. म्हणाले, रविवारी कुणी विचारलं तर हा धडा आणखी एकदा घेईन, आता त्याला शेवट मिळाला.

मग परकं म्हणजे कुठलं पिल्लू यावर चर्चा झाली. बाबांना चिमणी काढायची होती. ताई म्हणाली कावळ्याचं काढा, हिचा आवाज लहानपणापासून तसाच आहे. मास्तरांनी आठवण करून दिली की कावळाही त्याच यादीत आहे. ताई म्हणाली, असू दे, आईने कधी यादी बघून कुणाला भरवलं नाही.

मी खडू घेतला. घरट्यात पहिल्या पिल्लाच्या डाव्या बाजूला थोडी जागा होती. तिथे मी एक जाडसर चोचीचं, विस्कटलेल्या पिसांचं, कुरूप पिल्लू काढलं. डोळा काढताना रेघ दोनदा चुकली, ती बाबांनी ओल्या फडक्याने पुसून दिली. मग त्यांनी छिन्नी उचलली. हात स्थिर झाला. दगडाला टोक टेकवून, मान न वळवता त्यांनी विचारलं की चोच किती उघडी ठेवू.

"पूर्ण," ताई म्हणाली. "ही कायम भुकेली असायची."

पहिला ठोका पडला.  मी खडू खाली ठेवला, ताईने मला जवळ ओढलं, आणि बावन्न वर्षांत पहिल्यांदा त्या घरातल्या माणसांसमोर मी काकूला आई म्हणून रडले.